उन्हाची राखण

"गेलं," सासू म्हणाली.

सुनेने दोरीला चिमटा लावता लावता मान वर केली. टेकडीवरच्या रिसॉर्टच्या नव्या इमारतीमागे सूर्य गेला होता आणि गच्चीवर सावली पसरत होती. अजून दुपारची जेवणेही व्हायची होती. दोरीवर त्याच रिसॉर्टच्या चादरी होत्या, लांबरुंद, पांढऱ्या आणि ओल्याचिंब.

"टाकीपाशी आहे की अजून थोडं. खुर्ची सरकवू का, आई?"

"आता टाकीवर बसवतेस का मला? राहू दे. आत जाते."

सासूने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, त्यांना मनातल्या मनात काय सुनावायचे ते सुनावले आणि उठली. तिचे हे उठणे सुनेला बघवत नसे. ती उगाचच चिमट्यांच्या टोपलीत काहीतरी शोधत राहिली.

सासूची खुर्ची म्हणजे घरातले घड्याळच होते. सकाळी ती जिन्याच्या दाराशी असे, दुपारी गच्चीच्या मधोमध, आणि कठड्याला टेकली की खाली चहा टाकायचा. लाँड्री सासूने उभी केली, वेळ आल्यावर सुनेच्या हाती दिली आणि कपडे राखायचे काम तेवढे स्वतःकडे ठेवले. राखायचे म्हणजे वाऱ्यावर नजर ठेवायची, पाखरांना हुसकायचे, आणि चादर वाळली की नाही ते गालाला लावून बघायचे. "हाताला काय कळतंय, तो जन्मभर पाण्यात," ती म्हणे. "गालाला विचारावं." डॉक्टरांनी गुडघ्यांना ऊन द्यायला सांगितले होते. सासूच्या मते त्यांनी सांगितलेल्यातले तेवढे एकच औषध कडू नव्हते.

रिसॉर्ट आले तेव्हा गावाने आधी नाके मुरडली आणि मग नोकरीसाठी अर्ज केले. सुनेचा नवरा इस्त्री करताना निम्मे लक्ष रेडिओकडे देऊन लोकांच्या कॉलरी करपवत असे. तो आता टोपी घालून बॅटरीच्या गाडीतून पाहुण्यांना फाटकापासून खोलीपर्यंत सोडत होता, आणि गावातल्या कॉलरी वाचल्या होत्या. लाँड्रीला चादरींचे काम मिळाले. रिसॉर्टकडे यंत्रे होती, पण त्यांच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिले होते की इथल्या चादरी डोंगरातल्या उन्हात वाळवतात. पाहुणे म्हणे त्याचेही पैसे देत.

"त्यांच्याकडे ऊन नाही का?" सासूने तेव्हा विचारले होते.

"आहे, पण काचेतून येतं," नवरा म्हणाला होता.

मग पाहुणे वाढले, खोल्या कमी पडल्या आणि टेकडीच्या नेमक्या गावाकडच्या कडेला नवी इमारत चढली. उन्हाळ्यात कुणाच्या ध्यानातही आले नाही. थंडीत सूर्य खालून चालू लागला तेव्हा कळले की त्यांच्या गल्लीतली अख्खी दुपार गेली आहे.

सासूने तक्रार केली नाही, हीच पंचाईत होती. केली असती तर सुनेला निदान भांडता आले असते. सासू नुसती आत जाऊन शाल गुंडाळून बसे. आता कधी कधी सकाळीही म्हणे, "आज नको वर. तेवढ्याशा उन्हासाठी कोण जिना चढतंय?" जिना एकदा सुटला की पुन्हा धरता येत नाही, हे सुनेने आपल्या आईच्या बाबतीत पाहिले होते. तिला भीती वाटत होती.

त्यातच रिसॉर्टच्या मॅडमनी बोलावले. या मॅडम खोल्यांची व्यवस्था बघत. गाव त्यांना चादरवाल्या मॅडम म्हणे. बाई वाईट नव्हती. फक्त तिच्या हातात सदैव फोन असे आणि फोनमध्ये सदैव कुणीतरी नाराज असे.

"चादरी दमट येताहेत," मॅडम म्हणाल्या. "पाहुणे तक्रार करतात."

"वाळायला ऊन लागतं, मॅडम."

"मग?"

"ते तुमच्या इमारतीमागं अडकलंय."

मॅडमनी खिडकीतून खाली पाहिले. गल्ली सावलीत होती. "मी काही इमारत हलवू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"मला सूर्य हलवता येत नाही. आपली दोघींची अडचण एकच."

"तुम्ही बघा काहीतरी. नाहीतर मला त्या आमच्या यंत्रांतच घालाव्या लागतील."

सुनेने बघितले काहीतरी. ऊन गावातून पूर्ण गेलेले नव्हते, फक्त त्यांच्या गल्लीतून गेले होते. बेकरीच्या पत्र्यावर ते होते, शाळेच्या कठड्यावर होते, दातांच्या डॉक्टरांच्या गॅलरीत होते. ती प्रत्येकाकडे गेली. "घाल की," बेकरीवाला म्हणाला, "पण पावाचा वास लागला तर माझ्या नावानं बोंब नको." डॉक्टर म्हणाले, खुर्चीत आ करून पडलेल्या माणसाला तेवढेच काहीतरी बघायला होईल. दुपारपर्यंत अर्ध्या गावाने चादरी पांघरल्या.

संध्याकाळी नवरा हसतच घरी आला. "पाहुणे विचारत होते, आज कसला सण आहे. मी म्हटलं, धुण्याचा. फोटोसाठी सारखी गाडी थांबवायला लावत होते."

सासूही हसली, पण शालीतून. "सगळ्या गावात चादरी, आणि आपल्या गच्चीवर एक रुमाल नाही," ती म्हणाली, आणि सुनेच्या हातातला कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आलाच. चादरींना पावाचा वास येत होता. पाहुण्यांना तो आवडला होता, त्याबद्दल म्हणणे नव्हते; पण बाल्कनीतून डोंगर दिसण्याऐवजी धुणे दिसत होते आणि मालकांना ते खपत नव्हते.

सून पुन्हा टेकडी चढली. या वेळी ती खाली बघून चालली नाही. नव्या इमारतीच्याही वर, टेकडीच्या अगदी माथ्यावर, एक गोल सपाट जागा उन्हात झगझगत होती.

"ते वर काय आहे?" तिने मॅडमना विचारले.

"हेलिपॅड."

"येतं का हेलिकॉप्टर?"

"उद्घाटनाला आलं होतं." मॅडम जरा थांबल्या. "येणार असलं की आधी कळवतात."

"मग मलाही कळवा. चादरी काढून घेईन."

मॅडमनी फोन टेबलावर पालथा ठेवला. हे त्यांच्या बाबतीत सहसा घडत नसे. "पाहुणे तिकडे जात नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बाल्कनीतूनही दिसत नाही. बरं, चालेल."

"राखायला माणूस लागेल. वर वारा फार."

"आणा ना."

"बसून राखणारं माणूस आहे. न्यायला-आणायला गाडी लागेल. खुर्ची आमची आम्ही आणू."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "कोण माणूस आहे?"

"सासूबाई."

"गुडघे?"

"दोन्ही."

"माझ्या आईचेही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुन्हा उचलला. "गाडीचं सांगून ठेवते."

खरा किल्ला तर घरात होता.

"त्यांनी आपलं ऊन घ्यायचं आणि मी त्यांच्या दारात ऊन खायला जायचं?" सासू म्हणाली. "मी येणार नाही."

"ऊन खायला कोण बोलावतंय? कामाला बोलावलंय. मी धुवू, वाळत घालू, का राखत बसू? नसेल जमत तर तसं सांगा. बेकरीवाल्याची बहीण येते म्हणालीय."

"ती? तिला ओल्या-सुक्यातलं काय कळतं?"

"शिकेल हळूहळू."

सासूने शालीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "माझा स्वेटर कुठं ठेवलायस?" तिने शेवटी विचारले.

सकाळी लेकाने टोपी नीट केली आणि आईला गाडीत बसवले. मागे सून, चादरींचे गाठोडे आणि पाय वर करून ठेवलेली खुर्ची.

"हळू घे. मी काही पाहुणी नाही," सासू म्हणाली.

"पाहुण्यांना हळूच नेतो, आई. तूच घाई करतेस."

वळणावर सासूने मागे न बघता सुनेला म्हटले, "मला उन्हात बसवायला एवढा द्राविडी प्राणायाम केलास होय?"

"चादरींसाठी केला."

"हो, हो. चादरींसाठी."

माथ्यावर ऊन कुणालाही न विचारता पडले होते. खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फडफडत होता. सासूने तो नीट न्याहाळला. "हा कुणाचा वाळत घातलाय? आणि जोडीचा कुठंय?" लेक हसत हसत गाडी घेऊन गेला. सासूने खुर्ची रंगवलेल्या गोलाच्या बरोबर मधोमध मांडायला लावली आणि बसली. दोऱ्या बांधल्या, चादरी फुगल्या. दोघींच्या बऱ्याच दिवसांत नीट गप्पा झाल्या नव्हत्या, त्या झाल्या. बेकरीवाल्याच्या बहिणीला तर त्या दिवशी उचक्यांनी हैराण केले असणार.

जेवणाची वेळ जवळ आली तशी सासू सवयीने खुर्चीचे हात धरून उठू लागली.

"बसा, आई. इथलं जात नाही."

सासू पुन्हा टेकली. नव्या इमारतीच्या डोक्यावरून खाली गाव दिसत होते, आणि त्यात त्यांची गल्ली, त्यांची टाकी, रिकाम्या दोऱ्या. सावली इमारतीच्या पायथ्यापासून सरकत गल्लीत आली. आधी जिन्याचे दार गेले, मग मधली जागा, मग कठडा.

"गेलं," सासू म्हणाली.

"आहे की, आई. हे काय."

"इथलं नाही म्हणत. आपलं."

सासूने हात लांब करून जवळची चादर ओढली, गालाला लावली, आणि लागते त्यापेक्षा जास्त वेळ तशीच धरून ठेवली.

"वाळली," ती म्हणाली. "काढ ही."