सोमवारी सकाळी नऊ दहाचं भाकीत

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, मधल्या वाटा भरल्या होत्या, आणि तरी इतकी शांतता, की खोकणारा आपला खोकला गिळत होता.

व्यासपीठावर घड्याळबाबा बसले होते. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ; एक म्हणे चालू वेळेचं, दुसरं येणाऱ्या वेळेचं. मी दुसऱ्या रांगेतून नीट निरखून पाहिलं. दोन्हींत सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे येणारी वेळ येऊन बसलेली होती.

बाबांच्या पाठीमागे भिंतभर पडदा, आणि पडद्यावर आमच्याच वृत्तसंस्थेच्या वेबसाइटचं पान. बाबांचं साप्ताहिक सदर. वर ठळक अक्षरांत : 'प्रसिद्ध – सोमवार, सकाळी ९.१०'. खाली मजकूर : 'बुधवारी दुपारी बाजारात माथ्यावरचं छप्पर खाली येईल. चार जीव जातील.'

गेल्या बुधवारी दुपारी दोन वाजता मंडईचं छप्पर कोसळलं होतं. चार माणसं गेली होती.

"मी काही सांगत नाही हो," बाबा लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. "काळ सांगतो. मी आपला टपालवाला. पत्र फक्त पोचवतो."

या टपालवाल्याला चार जणांच्या मरणाची पत्रं दोन दिवस आधी मिळाली, तर त्यानं मंडईत जाऊन एक हाक तरी का मारली नाही? प्रश्न ओठांवर आला होता. तेवढ्यात माझ्या शेजारची ताई उभी राहिली.

ताई म्हणजे आमच्या डिजिटल संपादकबाईंची थोरली बहीण. तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती आणि गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती. दिवस ढकलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती बाबांकडे निघालीय म्हटल्यावर बाईनं मला सोबत पाठवलं होतं.

"बाबा, गुरुवारी माझं छातीचं ऑपरेशन आहे."

बाबांनी डोळे मिटले. उजवं घड्याळ कानाला लावलं. सभागृहानं श्वास रोखला.

"गुरुवार... लोखंड दिसतंय. दार उघडतंय, पण आतल्याच बाजूनं."

मागे कुणीतरी हुंदका दिला. ताई गुपचूप खाली बसली. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणाली, "काका, मी गुरुवारी जायची नाही. आत जायचं दार आहे, परतीचं नाही, असंच म्हणाले ना बाबा?"

"अहो ताई, डॉक्टर काय म्हणाले ते—"

"डॉक्टर म्हणतात शंभरात दोघं दगावतात. बाबांचं तर तीनदा लिहिलेलं तिन्ही वेळा खरं झालं. आणि ते काही रस्त्यावरच्या भिंतीवर लिहिलेलं नाही, माझ्या सख्ख्या बहिणीच्या साइटवर आहे, तारीखवार. ती खोटं छापेल का, सांगा ना?"

बाई खोटं छापणाऱ्यांतली नव्हतीच.

बाईला मी अठरा वर्षं ओळखतो. शिकाऊ म्हणून आली तेव्हा गोदामाच्या आगीची बातमी लिहायला तिला चार तास लागले होते, कारण मेलेल्यांचा आकडा दोन वेगळ्या माणसांकडून कळल्याशिवाय ती लिहीना. वार्ताहर झाली, मग माध्यमांवरच लिहू लागली : कोणता फोटो जुना, कोणती चित्रफीत दुसऱ्याच गावची, कोण कुणाच्या तोंडी काय घालतंय. लोक तिला वचकून असत. डिजिटल विभाग सुरू झाला तेव्हा मालकांनी तिलाच संपादक केलं. तिच्या टेबलासमोरच्या पडद्यावर वाचकांचा आकडा रात्रंदिवस वरखाली होतो. अशा आकड्याकडे रोज दहा तास पाहणारं माणूस हळूहळू त्याच्यासारखंच धडधडायला लागतं.

मी तिथला मुद्रितशोधक. मला पडद्यावर चुका दिसत नाहीत, म्हणून मी प्रत्येक पान कागदावर काढतो आणि पेन्सिलीनं तपासतो. पोरं मला पेन्सिलकाका म्हणतात. "काका, झाडं रडतायत बघा," असं रोज एकदा तरी ऐकायला मिळतं.

त्या सभागृहातून निघाल्यापासून एक गोष्ट मला टोचत होती. बाबांचं सदर सोमवारी वाचणारा पृथ्वीच्या पाठीवर एकच प्राणी होता, आणि तो पगारी होता. तो प्राणी म्हणजे मी; ते मी वाचलं होतं. त्यात छप्पर आल्याचं काही मला आठवेना.

मंगळवारी सकाळी ऑफिसात पोचलो आणि टेबलाखालचं खोकं उपसलं. कागद सापडला. सोमवार, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट : 'या आठवड्यात डोक्यावरचा भार सांभाळा. प्रवास जपून करा. वडीलधाऱ्यांचा मान राखा.' बस्स. छप्पर नाही, बाजार नाही, मरण नाही. आधीची दोन भाकितं शोधली. त्यांचीही तीच गत.

तिन्ही कागद बाईसमोर ठेवले. तिनं वाचले. मग त्या पानाचा आतला इतिहास उघडला. वाचकांना दिसत नाही, पण कुणी केव्हा काय बदललं याची नोंद यंत्र ठेवतं. पहिली नोंद : सोमवार, ९.१०. दुसरी : बुधवार, दुपारी ३.२०. बदलणाऱ्याचं नाव : बाबांचा पट्टशिष्य.

"छप्पर दोनला पडलं," मी म्हटलं. "टपाल तीन वीसला निघालं."

ती हसली नाही. "काका, त्याला साइटची किल्ली मी दिली. माणसं कमी होती. म्हटलं, सदर त्याचं तो टाकेल."

"पण बदलल्याची वेळ पानावर दिसत का नाही?"

ती पडद्याकडेच बघत राहिली. "तेही मीच. चार वर्षांपूर्वी. 'शेवटचा बदल' अशी ओळ असायची. ती दिसली की लोकांना वाटायचं, आपण आधी चुकीचं छापलं होतं. शिवाय आपली सवयच पडलीय ना, जुन्या पानावर नवी बातमी ओतायची. आधीच फिरलेलं पान असतं, वाचक तिथंच येतात. मी ओळ काढून टाकली. वरची पहिली वेळ तेवढी राहिली."

म्हणजे चमत्काराचं यंत्र आमच्या घरीच तयार झालं होतं. बाबांनी फक्त कळ दाबली होती.

मालकांचा फोन आला. सदर थांबवतेय आणि झालेलं सगळं लिहून छापतेय, हे बाईनं त्यांना कळवलं होतं. "अगं, भाकीत खरं ठरलं की सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान आहे ते!" त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "लिहून तू स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"धोंडा आधीच पडलाय, साहेब. आता तो माझ्या बहिणीच्या छातीवर आहे."

बुधवारी सकाळी आम्ही दोघं ताईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ताईनं चहा ठेवला, आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "समजवायला आला असाल तर चहा पिऊन निघा."

"समजवत नाही," बाई म्हणाली. "आज सकाळी घरात असं काय झालं, जे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही?"

"हे काय आता?"

"सांग तर."

"चष्म्याची डावी दांडी मोडली. दोरा बांधलाय."

बाईनं लॅपटॉप उघडला, गेल्या वर्षीच्या हवामानाची कुणी न वाचणारी बातमी काढली, एक ओळ टाकली. "आता तुझ्या फोनवर उघड."

ताईनं दोरा बांधलेला चष्मा सावरत वाचलं. वर गेल्या वर्षीची तारीख. खाली : 'एका थोरल्या बहिणीच्या चष्म्याची डावी दांडी मोडेल.'

तिचा चेहरा पांढरा पडला. आणि मग जे झालं ते मी अजून विसरलो नाही : तिचे हात धाकट्या बहिणीसमोर आपोआप जुळू लागले. डोळ्यांदेखत टाईप केलेलं असूनही.

बाईनं ते हात धरले. "ताई, नाही. तुझ्यासमोर लिहिलंय मी आत्ता. तारीख पानाची आहे, ओळीची नाही."

मी कागद मांडले. एकीकडे माझे सोमवारचे, दुसरीकडे त्याच पानांचे आज काढलेले. ताईनं बोटानं ओळ न् ओळ वाचली. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

"आणि उद्या मी उठलेच नाही तर?" तिनं शेवटी विचारलं. "मग बाबा खरे?"

"तर शंभरातल्या दोघांत तू गेलीस, असं होईल," बाई म्हणाली. "डॉक्टरांनी तो धोका तोंडावर सांगितलाय, आधी सांगितलाय आणि नंतर बदललेला नाही. तू गेलीस तरी हे पान खोटंच राहील, ताई. आणि ऑपरेशन नाही केलंस, तर शंभरातले किती, तेही त्यांनी सांगितलंय."

ताई उठली. मग गॅस बंद करत पुटपुटली, "मेल्यानं घड्याळ कानाला लावलं तेव्हा मला खरंच टिकटिक ऐकू आली होती."

गुरुवारी ताईला आत नेलं त्याच वेळी बाईचा लेख आला : तिन्ही कागदांचे फोटो, बदलांच्या वेळा, आणि पहिल्याच परिच्छेदात स्वतःच्या दोन चुका. हवामानाच्या पानावर टाकून काढलेल्या त्या ओळीचीही कबुली होती. प्रत्येक पानावर 'शेवटचा बदल' ही ओळ परत आली. सहा तासांनी ताईला शुद्ध आली. तिनं आधी चष्मा मागितला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. बाबा म्हणाले, काळाच्या शत्रूंनी कट केला. सभागृह तसंच भरतंय. गेल्या आठवड्यात ते दुसऱ्या एका साइटवर लिहू लागलेत. मी जाऊन पाहिलं : वर प्रसिद्धीची वेळ आहे, बदलाची नाही. मजकूर असा : 'येत्या दिवसांत आगीपासून जपा.'

मी तो कागदावर काढून ठेवलाय. कुठे आग लागू नये, असं रोज वाटतं. लागलीच, तर तीन वीसला त्या पानावर रस्त्याचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा उगवेल, हे सांगायला मला दोन घड्याळं लागत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच. घडून गेल्यावर दाखवलेलं भाकीत हे भाकीत नसतं. कुणी तारीख दाखवली तर विचारा, हे घडायच्या आधी कुणी वाचलं होतं? त्याची प्रत कुणाकडे आहे? आणि तुमच्या जिवाचा निर्णय त्याच्यावर सोपवू नका, ज्याला आपली चूक गुपचूप पुसता येते.