कानामागची काडी

…तिळाएवढा स्क्रू बोटाच्या टोकाला चिकटून बसला होता आणि खाली उतरायला तयार नव्हता. तिने फुंकर घातली नाही. एकदा घातली होती, तेव्हा अर्धी दुपार टेबलाखाली ओणवं होऊन शोधण्यात गेली होती. तिने नुसतं बोट फ्रेमच्या भोकावर टेकवलं आणि तो मुकाट्याने जागेवर गेला. आज सगळंच मुकाट्याने जागेवर जात होतं. रस्त्यावर ऊन होतं, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि मुलाने तक्रार केली होती.

लढाईत तो पकडला गेला तेव्हापासून ‘जिवंत आहे’ एवढंच कळायचं, तेही कुणाच्या तरी तोंडून. काल कैद्यांसाठीच्या मदत कचेरीत त्याच्या हातची चिठ्ठी मिळाली. आई, चष्मा फुटला, नवा पाठव. काडी मागच्यासारखी घट्ट नको, कानामागे टोचते. इथल्या खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे. शेजारचा मला सगळं वाचून दाखवतो, त्याचा पाय गेलाय पण आवाज खणखणीत आहे… बस्स. ना खुशाली, ना काळजी करू नकोस. त्याच्या बापाने, जन्मभर बस चालवलेल्या त्या माणसाने, चिठ्ठी दोनदा वाचली आणि नाक ओढत म्हणाला, “तिकडे जाऊनही टोचतंय. आपलाच आहे गं, खात्री पटली.”

काडी मऊ होईपर्यंत गरम वाळूत धरून तिने ती हलकेच वाकवली. पहिला चष्मा लावला तेव्हा तो दुसरीत होता. दुकानात याच स्टुलावर बसून त्याने डोळे उघडले, समोर मी… आणि हा म्हणतो, “आई, तुला मिशी आहे.” किती हसले होते मी, आणि संध्याकाळी आरशापुढे किती वेळ उभी राहिले होते. टोचतं म्हणायचा तेव्हाही. होईल सवय, म्हणायची मी. आज मात्र काडी पुन्हा पुन्हा स्वतःच्या कानामागे लावून बघत होते.

हा चष्मा तिकडे जाणारच नव्हता. चिठ्ठी देताना कचेरीतल्या बाईंनी आवाज खाली आणला होता. “आजारी आणि जायबंदी कैद्यांची अदलाबदल ठरलीय. एकच बस आहे, जागा थोड्या. चष्म्याशिवाय याला दिसत नाही असा अर्ज द्या, मी पुढे सरकवते. पण मग चष्मा पाठवू नका हं. चष्मा लावून बसलेल्याला कोण सोडेल?”

अर्ज की चष्मा… यात विचार कसला करायचा? चष्मा ती पर्समध्ये घेऊन जाणार होती. तो बसमधून चाचपडत उतरेल, चार पावलांवर उभी असलेली आई त्याला ओळखू येणार नाही, मग ती पुढे होऊन त्याच्या नाकावर चष्मा ठेवेल — आणि तो काय म्हणेल हेही तिला ठाऊक होतं. काच पुसता पुसता ती गुणगुणायला लागली. कित्येक महिन्यांत गुणगुणली नव्हती.

कचेरीत गर्दी नव्हती. बाईंनी अर्ज पुढे सरकवला. तिने पेनाचं टोपण काढलं. बसमध्ये जागा थोड्या… भरलेली गाडी थांब्यावर न थांबवता आलेला नवरा जेवताना हटकून चिडचिडायचा. गाडी भरली की कुणीतरी खाली राहतंच गं, आणि नेमका त्याचाच चेहरा आरशात दिसत राहतो.

“अहो बाई,” तिने विचारलं, “त्याच्या शेजारी एक मुलगा आहे, पाय गेलेला. त्याला मिळालीय का जागा?”

“ते मला कसं कळणार? जागा भरल्या की भरल्या.” बाई वैतागल्या नव्हत्या. “तुम्ही तुमच्या मुलाचं बघा.”

तेच तर बघत होते मी. मुलगा घरी हवा होता, या बसने हवा होता, त्यात तसूभरही फरक नव्हता. पेन कागदावर टेकलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. सकाळपासूनचा आनंदही कुठे गेला नव्हता, होता तिथेच होता — फक्त आता त्यात कुणीतरी खणखणीत आवाजात वाचत होतं, मुलगा मान कलती करून ऐकत होता, आणि त्या वाचणाऱ्याला मध्येच थांबवणं तिच्या जिवावर आलं होतं.