न जुळलेली बेरीज

आयुधपूजेला यंत्राला कुंकू लावा, माझी काही हरकत नाही. आम्ही पिढ्यान्पिढ्या बेंगळुरातले, आमच्या घरी विळीलासुद्धा लावतात. पण प्रोग्रॅमच्या चिपवरचा कागद सोलून? तेही इंजिनिअर माणसानं? कागदाला कुठे कुंकू लावतात, म्हणे! अहो, त्या कागदाखाली काचेची खिडकी असते. तिच्यातून झगझगीत उजेड आत गेला की चिप वाचताना घोळ होतो, म्हणून तर तो चिकटवलेला असतो.

हे करणारे पद्मनाभ सर, जयनगरातल्या आमच्या वर्कशॉपचे मालक, पुण्याहून आलेले. आम्ही बनवलेलं यंत्र तान्ह्या बाळांच्या शिरेत औषध थेंब थेंब सोडायचं. ते मुहूर्तावर चालू करून दाखवायला सरांनी एका हॉस्पिटलच्या डॉक्टर स्मृतींना बोलावलं होतं. त्या बेळगावच्या, मराठी चांगलं समजायचं. सगळं दिसावं म्हणून झाकण काढून ठेवलेलं, आणि समोर फोटोग्राफर.

सरांनी बटण दाबलं आणि नेमका तेव्हाच फ्लॅश उडाला. लाल दिवा लागला. यंत्र जागचं हललं नाही.

हलणार कसं? आत मी लिहिलेला लोडर होता, वेगळ्या छोट्या चिपमध्ये. करंट आला की तो आधी जागा होतो, मोठा प्रोग्रॅम त्याच्या चिपमधून उचलून मेमरीत ठेवतो, ठेवलेल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करतो, आणि ती आधी नोंदवून ठेवलेल्या बेरजेशी जुळली तरच प्रोसेसरला म्हणतो, चल, कर सुरू. फ्लॅशनं वाचताना घोळ झाला, बेरीज चुकली, लोडरनं अडवलं. त्याचं काम त्यानं चोख केलं.

सर मात्र माझ्यावरच उखडले. मुहूर्तावर नाक कापलंस, म्हणाले. ती बेरीज आत्ताच्या आत्ता काढून टाक, झाकण लावल्यावर कुठला आलाय फ्लॅश? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्लॅश नाही तर सैल पिन असेल, म्हटलं, आणि करंट तर या गावात उठसूट जातो. दर वेळी परत आला की लोडर सगळा प्रोग्रॅम नव्यानं भरणार. एकदा जरी चुकीचा भरला, तर ते मूल कुणाचं असेल?

"तू फार बोलतेस," सर म्हणाले, आणि त्यांनी अभिराजला सांगितलं.

अभिराज माझ्याच शेजारी बसणारा, सगळं समजणारा. मान खाली घालून उठला आणि बेरीज वगळलेला लोडर नव्या चिपमध्ये भरून घेऊन आला. लाज वाटली मला त्याची. मी यंत्राला औषधाऐवजी लावलेली सलाइनची नळी उचलून स्टीलच्या पेल्यात सोडली आणि फोटोग्राफरला म्हटलं, अण्णा, स्वल्प थांबा, सर बटण दाबतील तेव्हा परत फ्लॅश मारा.

सरांनी बटण दाबलं, फ्लॅश उडाला. या वेळी हिरवा दिवा लागला. सरांचा चेहरा खुलला. आणि नळीतून थेंब नाही, धारच लागली. पेला भरून सलाइन टेबलावर सांडलं, तिथून प्रसादाच्या चुरमुऱ्यांवर गेलं, तरी हिरवा दिवा आपला छान जळत होता.

"पण चालू तर झालं ना?" सर म्हणाले.

मी काय बोलले असते देव जाणे. डॉक्टर स्मृतींनीच हात पुढे करून वायर उपटली. आमच्या वॉर्डातली बाळं तळहाताएवढी असतात, त्या शांतपणे म्हणाल्या, इतकं दोन दिवसांतही देत नाही आम्ही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मघाशी जे चालू झालं नव्हतं, ते यंत्र मिळेल का?"

मी उत्तर द्यायच्या आत सर हसत पुढे आले. "मिळेल की, डॉक्टर! ॲक्च्युअली तीच तर आमच्या यंत्राची खासियत. ती बेरीज मीच मुद्दाम घालायला लावली होती."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण अभिराजची चिप उपटून मी माझी परत बसवली.