नाळ थांबेपर्यंत

“बाई, पोऱ्या रडत काबर नही?” रोशनीने मान उचलून विचारलं.

“रडला की आत्ताच! बारीक का होईना, रडला ना?” सविता सिस्टर म्हणाली खरी, पण तिची नजर बाळाच्या छातीवरून हलत नव्हती.

सातपुड्याच्या पायथ्याचं उपकेंद्र, भर दुपारची वेळ, चोपड्याहून निघालेली दवाखान्याची गाडी अजून वाटेतच. रोशनीचं आठव्या महिन्यातलं बाळ तिच्याच पोटावर फडक्यात ठेवलं होतं, जेमतेम ओंजळीएवढं. नाळ अजून तशीच जोडलेली. सविताचा हात चिमट्याकडे गेला, तिने तो मागे घेतला. पुन्हा गेला.

बावीस वर्षांची सवय हो ती! मूल बाहेर आलं की चिमटा, कात्री, झालं मोकळं. शेकडो नाळा तिने अशाच झटपट कापल्या. आणि गेल्याच महिन्यात तालुक्याच्या प्रशिक्षणात डॉक्टरीणबाई सांगून गेल्या: बाळ श्वास घेत असेल तर घाई करू नका, नाळेतली धडधड थांबू द्या, वारेतलं रक्त बाळाचंच आहे, ते त्याला मिळू द्या. सविताला तेव्हाच आपण कापलेल्या नाळा आठवल्या होत्या.

थांबावं आणि पोर हातचं गेलं तर? कापावं आणि रक्तावाचून पांढरंफटक पडलं तर? इवलीशी छाती हलत होती, श्वास चालू होता. तिने नाळ चिमटीत धरली. धडधड लागत होती, पण ती नाळेची की आपल्याच बोटांची, हे काही केल्या कळेना.

उशाशी रोशनीची सासू उभी होती. दिवालीबाई, पाड्यावरची जुनी सुईण. नाळ शांत होईपर्यंत कात्रीला हात न लावणारी. नव्या नोकरीच्या तोऱ्यात सविताने तिला चारचौघींत झापलं होतं, “पोर असं लोंबकळत काय ठेवतेस, अडाणी कुठली!” त्यानंतर दिवालीबाईला बाळंतपणाला बोलावणं हळूहळू बंदच झालं.

“आक्का,” सविताचा आवाज रडवेला झाला, “मला कळत नाहीये. तुम्ही बघा ना.”

दिवालीबाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग हात पुढे केले. सविताने तिला हातमोजे चढवले. म्हातारीने दोन बोटं नाळेवर ठेवून डोळे मिटले.

“चालस. घाई नको करू.”

“बाळ निळं पडतंय का हो?”

“नही. तू त्यानं तोंड देख, मी नाळ देखस.”

सविता बाळाची पाठ चोळत राहिली. ठाऊक होते तेवढ्या सगळ्या देवांना तिने मनातल्या मनात हाका मारल्या. हळूहळू ओठांवर लाली आली, मग गालांवर, आणि पोरगं असं काही बोंबललं, की दाराबाहेरून त्याचा बाप बादल ओरडला, “माय, काय व्हयनं?”

“थांबनी,” दिवालीबाई म्हणाली. “आते काट.”

सविताने चिमटे लावले, नाळ कापली. रोशनी रडता रडता हसत होती.

दिवालीबाई हातमोजे काढून मोरीशी जाऊन बसली. “बाई, तव्हय बी मी तुले हाईच सांगेल व्हतं ना?”

“हो आक्का. चुकलं माझं.”

सविताने तांब्या उचलून तिच्या हातांवर पाणी धरलं. तांब्या रिकामा झाला, तरी दिवालीबाईने हात तसेच पुढे धरले होते. सविताने तो पुन्हा भरून घेतला.