रावजी मास्तरांचा पुरातन बेडूक

१९३४ साली अख्ख्या नाशकात बेडकावर जीव लावून बसलेला माणूस एकच, रावजी मास्तर. तो बेडूकही मेलेला, आणि मरून कोट्यवधी वर्षं झालेली. चांद्याला राहणाऱ्या मेहुण्याने पाठवलेल्या सपाट शिळेत त्याची चपटी कवटी उमटली होती. मगरीएवढं धूड, पाण्यात राहायचं, जमिनीवरही हिंडायचं. आता त्या जातीचं पृथ्वीवर कुणी शिल्लक नाही. कलकत्त्याच्या भूगर्भ खात्याचा साहेब कवटी बघायला येणार होता. जात नवी निघाली तर तिला मास्तरांचं नाव! भद्रकालीच्या आळीत हे सगळ्यांना आधीच सांगून झालं होतं.

साहेबाचा टांगा दारात थांबला. मास्तरांनी शिळेवरचं फडकं उचललं. कवटीभर बारीक बारीक खळगे, ओळीओळीने.

ते आत बायकोकडे धावले. "अगं, शिळेला काय केलंस?"

"सकाळी टाकीवाली लंकाबाई आली होती," सखुबाई म्हणाल्या. "माझ्या चटणीच्या पाट्याला छिन्नीने टाकी लावून घेतली. म्हटलं, तुमचाही गुळगुळीत झालाय, त्यालाही लाव."

"अगं, ती कवटी होती!"

"लंकाबाई म्हणाली, लय कडक दगुड हाय बया, चटणी झकास व्हईल."

बाहेर साहेब भिंग लावून ओणवा झाला होता. मोडक्या मराठीत ओरडला, "मास्टर! असे खळगे कुठल्याच कवटीवर नाही! नवी जात! पण एका नमुन्यावर मी नाव देत नाही. दुसरा आहे?"

खरं सांगायला उघडलेलं तोंड मास्तरांनी मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन पाटा खसाखसा धुतला आणि बाहेर आणला.

साहेब पाट्यावर पालथाच पडला. "पाठीचा भाग! आणि खळग्यात हे तांबडं, लोखंडाचा अंश!"

ते लोखंड सखुबाईंनी तासाभरापूर्वी लसणीबरोबर वाटलं होतं.

"कुणाला सापडला?"

"मला," मास्तर म्हणाले.

"खोटं!" सखुबाई दारातून कडाडल्या. "माझा आहे तो. निफाडहून, माहेरून आणलाय मी!"

साहेबाने टोपी काढली, लवून नमस्कार केला, बाईंचं नाव विचारलं. हाच नमुना सरस, असं म्हणून वहीत जातीचं नाव लिहिलं: 'सखुबाईया'. वर निफाडला खणायला कधी जायचं, तेही विचारलं.

पाटा आहे म्हणून सांगावं, तर शिळेवरच्या खळग्यांची चौकशी होणार. मास्तर दोन्ही दगड टांग्यात चढवू लागले.

"अहो, आणि आता चटणी कशावर वाटू?" सखुबाई मागून ओरडल्या. "तुमच्या टाळक्यावर?"