काकांनी चढवलेला गणवेश

वडील न्हावी होते. युद्धात आमच्या सैनिकांचे केस कापायला ते रोज पेटी घेऊन चौकीवर जात. पलीकडचा कॅप्टन दुर्बिणीतून त्यांना रोज बघत असे. एका सकाळी त्याने गोळी घातली. पेटीत कात्री, वस्तरा आणि तुरटी होती.

काकांना धाकट्या भावाचं असं मरण सोसवेना. अंत्ययात्रेआधी त्यांनी वडिलांना सैनिकाचा गणवेश चढवला, छातीवर बंदूक ठेवली आणि फोटो काढून घेतला. त्या दिवसांत आमच्याकडे बरेच जण असेच निरोप देत.

आता कॅप्टन आरोपीच्या पिंजऱ्यात होता आणि फोटो त्याच्या वकिलाच्या हातात.

आमच्या बाजूच्या वकीलबाईंनी मला समजावलं, "लढाईत सैनिकाने शत्रूचा सैनिक मारला, तर तो गुन्हा नाही. जाणूनबुजून नागरिक मारला, तर आहे. केस कापून कोणी सैनिक होत नाही. पण या गणवेशाचं काय ते सांगावं लागेल."

मी काकांकडे गेले.

"कपडे तुम्ही चढवलेत, एवढंच सांगा."

"आणि लोकांना काय तोंड दाखवू? हुतात्म्याचा परत न्हावी करू?"

"न्हावीच होते ते."

"चार बुकं शिकलीस म्हणून बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडणार?"

"काका, तो सुटेल. घरी जाईल, पोराबाळांत जेवायला बसेल."

"बसू दे. माझा भाऊ शूर म्हणून गेलाय."

म्हणून साक्षीला मी उभी राहिले. काका पहिल्या रांगेत बसले होते.

"गणवेश मेल्यावर चढवला," मी म्हणाले. "काकांनी."

"वडील शस्त्र चालवत नव्हते, हे कशावरून?" कॅप्टनच्या वकिलाने विचारलं.

"ते घाबरट होते. घरात कोंबडी कापायची तर गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहत. एका सैनिकाने गंमत म्हणून हातात बंदूक दिली, तर घरी येऊन त्यांना ताप भरला. सगळी चौकी हसायची त्यांना."

मागे कोणीतरी हसलंच. काका उठले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी दार उघडलेलं नाही.

मी कॅप्टनकडे बघत होते. इतके दिवस तो पाय पसरून, जांभया देत बसायचा. आता त्याने पाय आखडून घेतले आणि वकिलाची बाही ओढली. वकिलाने ती सोडवून घेतली.

"आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि वडील आणखी कशाकशाला भीत, ते एकेक करून सांगू लागले.