या नावाचं इथे कुणी नाही

ऑपरेटरबाईंनी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर सत्तावीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य म्हणजे ‘थांबा, जोडून देते.’ त्याच्या खालोखाल, ‘या नावाचं इथे कुणी नाही.’ हे दुसरं म्हणताना आवाज जरा मऊ करायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. समोरचा माणूस कुठून कुठून शोधत आलेला असतो.

मंगळवारी सकाळी, ओपीडीची गर्दी ऐन भरात असताना, बाहेरच्या लाइनवर एक घोगरा, वय झालेला बायकी आवाज आला. आवाजाने एक नाव सांगितलं, आडनावासकट. तुमच्याकडेच कामाला आहे असं कळलंय, म्हणाला. बाईंनी यादी उघडली, त्या अक्षरावर बोट ठेवून खाली नेलं. यादी त्यांनीच टाइप केलेली, तरी बघून सांगायची शिस्त. मग आवाज मऊ केला.

“या नावाचं इथे कुणी नाही.”

“नाही का. बरं. थँक्यू ऑपरेटर, लाइन सोडते.”

पुढे एक्स-रेचे दोन फोन झाले, रक्तपेढीचा एक झाला. चहा आला. पहिला घोट घेतला आणि कप हातातच राहिला. ते नाव त्यांचं होतं.

म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वी होतं. लग्न होऊन त्या घरात आल्या, तर त्याच नावाची नणंद तिथे आधीच हजर. हाक मारली की कधी दोघी ओ देत, कधी एकही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी निकाल लावला. लेक आधीची, सून नवी, तेव्हा सुनेनेच नवं नाव घ्यावं. त्यात दुष्टपणा काही नव्हता, सोय होती. आडनाव जाणारच होतं, त्याच्या पाठोपाठ नावही गेलं. नवं नाव चार दिवस टोचलं, मग अंगवळणी पडलं. दोन वर्षांत नणंद लग्न होऊन गेली आणि ते नाव घरात रिकामं झालं. पण आता परत घे, असं कुणी म्हणालं नाही, आणि मागावं असं बाईंनाही सुचलं नाही. तेव्हापासून ते नाव कानावर आलं की डोळ्यांपुढे नणंद उभी राहायची, गुडघ्यांच्या तक्रारींसकट. आजही तीच उभी राहिली.

फोन कुणाचा, हे कळायला मात्र वेळ लागला नाही. ‘लाइन सोडते’ असं फक्त ऑपरेटर म्हणतात, बाकीचं जग फोन ठेवतं. टेलिफोनच्या वर्गात त्यांच्या शेजारी एक उंचच उंच मुलगी बसायची, सगळे तिला शिडी म्हणत. वर्षभर दोघी एका खोलीत राहिल्या, एका डब्यात जेवल्या, एकच छत्री आळीपाळीने हरवली. लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा शिडी म्हणाली होती, “नाव तेवढं बदलू नकोस बाई. मग मी तुला यादीत कुठे शोधू?” दोघी पोट धरून हसल्या होत्या. पुढे बाळंतपणं, बदल्या, बदललेले पत्ते. पत्रं कधी थांबली ते कुणाला कळलंही नाही.

बोर्ड जुना, आलेल्या फोनचा नंबर दाखवत नाही. दुपारी हात रिकामा झाल्यावर बाईंनी मोठ्या ऑफिसांच्या बोर्डांना फोन लावून शिडीचं खरं नाव विचारलं. तिसऱ्या ठिकाणच्या ऑपरेटरने अगदी मऊ आवाजात नाही सांगितलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की लग्न तर शिडीचंही झालं असेल.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, मीच बोलतेय असं सांगायचं ना.

“आठवलंच नाही.”

“स्वतःचं नाव?”

“तुम्हाला तरी ते नाव कुणाचं वाटतं?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “ताईचं,” म्हणाले, आणि मग टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसले.

दुसऱ्या दिवशी बाई आस्थापना विभागात गेल्या. माहेरचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, यादीत माझं हेही नाव घाला म्हणाल्या. हेडक्लार्क म्हणाले, या नावाचा कर्मचारी हजेरीपटावर नाही, अर्ज करा, पुरावे जोडा. शिवाय माणूस एक नि नावं दोन, उद्या रजा कुणाची मांडायची, असा विनोदही केला. बाई हसल्या, जागेवर आल्या आणि यादीचं ते पान स्वतःच नव्याने टाइप केलं. माळीकाका आणि भूल देणारे डॉक्टर यांच्या मधोमध ते नाव बसलं. पुढे नंबर बोर्डाचाच.

दुपारच्या पाळीला येणारी ऑपरेटर, दुपारवाली, अकरा वर्षांपासूनची सोबतीण. तिने विचारलं, ही कोण नवीन?

“जुनीच आहे. फोन आला तर मला दे. मी नसले तर निरोप घे, पण नाही म्हणू नकोस.”

दुपारवालीने नाव वाचलं, बाईंकडे बघितलं आणि यादी जागेवर ठेवली. ऑपरेटर माणसं ऐकतात फार, विचारतात कमी.

तीन आठवडे गेले. बाहेरची लाइन वाजली की बाईंचा हात आधी जायचा. कुणाला सोनोग्राफी हवी असायची, कुणाला मेट्रन.

सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. बाईंनी कपड्यांच्या घड्या केल्या, त्याच परत मोडून पुन्हा केल्या, आणि मग हॉस्पिटलचा नंबर फिरवला. दुपारवालीचा आवाज आला. बाईंनी आपलं ते नाव घेतलं, आडनावासकट. मोठ्याने घ्यायची वेळ इतक्या वर्षांत आली नव्हती, जिभेला ते जरा जडच गेलं. आहेत का, त्यांनी विचारलं.

दुपारवालीने आवाज ओळखला नसेल हे शक्यच नव्हतं. पण ती बोलली ती ऑफिसच्या सुरात.

“आहेत. आज त्यांची सुट्टी आहे.”

बाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

“कुणाचा फोन होता म्हणून सांगू?”

“मैत्रिणीचा,” बाई म्हणाल्या. “म्हणावं, फार शोधलं तुला. आणि सांगा...”

“सावकाश सांगा,” दुपारवाली म्हणाली. “मी लिहून घेतेय.”